आत्याला मनोरुग्णालयात ठेवलंय, चष्मा-कवळी-साडी सगळं काढून घेतलंय. आपण काय करू शकतो?

भाची_सातारा

नमस्कार मंडळी. मोठं झालंय लिहिताना, पण प्लीज पूर्ण वाचा.

माझी आत्या, वय ७६, डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्यावरसुद्धा बिल्डिंगमधल्या पोरांची स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायची. जुलैमध्ये तिला ताप आणि जुलाब झाले, आणि त्यानंतर एकदम वेगळंच बोलायला लागली. रात्री दार उघडून जिन्यात जाऊन बसायची, कामवाल्या बाईंवर भांडी चोरल्याचा आळ घेतला, आतोबांना हाका मारायची. आतोबांचा पुतण्या जवळ राहतो, बँकेची वगैरे कामं तोच बघतो, त्याने तिला मुंबईपासून दोन-अडीच तासांवरच्या एका खासगी निवासी मनोरुग्णालयात ऍडमिट केलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्हाला हे नंतर कळलं. गणपती गेले, नवरात्र गेलं, ती अजून तिथेच आहे.

भेटायला गेले तर पुतण्याचा फोन आल्याशिवाय सोडत नव्हते. शेवटी सोडलं. केस पार कानाच्या वर कापलेत, तिचा अंबाडा होता हो, या वयातही चांगला मोठा. अंगावर तिथली मॅक्सी, गळा इतका मोठा की एका हाताने धरूनच बसली होती. चष्मा नाही, का तर काच फोडून लावून घेतील. कवळी नाही, का तर हरवते. त्यामुळे पोळी खाता येत नाही, पातळ भात आणि वरणाचं पाणी यावर आहे. आंघोळीला चार-चार बायका एकदम, बाथरूमला आतून कडी नाही. रात्री उठून पडू नये म्हणून एक हात कॉटच्या दांडीला बँडेजने बांधतात, मनगटावर वण दिसले मला. आणि तिथल्या पंचवीस वर्षांच्या मुलीसुद्धा तिला "ए म्हातारे" म्हणतात.

पण मंडळी ती आता पूर्ण शुद्धीवर आहे. मला ओळखलं, माझ्या मुलीच्या दहावीचं विचारलं, पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचाय हे तिने मला सांगितलं! रोज रात्री पडल्यापडल्या औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणते म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का हे स्वतःच तपासून बघते. ती भांडत नाही, ओरडत नाही. सकाळी डॉक्टरांचा राउंड आला की कॉटशेजारी उभी राहते आणि तीन गोष्टी मागते. माझा चष्मा द्या, माझे दात द्या, मला नावाने हाक मारा. रोज तेच. आणि गोळी देतात तेव्हा गोळीचं नाव विचारते, सांगितल्याशिवाय घेत नाही.

तिथल्या समुपदेशक मुलीने मला फाइलमधलं थोडं वाचून दाखवलं. पोळी खात नाही म्हणून "अन्न नाकारते". मॅक्सी नको म्हणाली म्हणून "असहकार". गोळीचं नाव विचारलं म्हणून "संशयी". एकच गोष्ट रोज बोलते म्हणून "तेच तेच बोलते". म्हणजे तिने माणसासारखं वागवा म्हटलं की ते तिच्या आजारात जमा होतंय. मी बाहेर येऊन रिक्षात रडले.

मला विचारायचंय की तिला बाहेर काढायचा अधिकार कोणाला आहे, मी भाची आहे, माझं कोणी ऐकेल का? आणि बाहेर येईपर्यंत हे चष्मा, दात, कपडे असं काढून घेणं चालतं का कायद्याने? बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय हेही सांगून ठेवते, पुतण्याचा त्यात काय हेतू आहे मला माहीत नाही, आरोप करायचा नाहीये, पण मनात येतं.

सिस्टर_निवृत्त

ताई, मी सरकारी मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डला बरीच वर्षं नोकरी केली, आता घरी असते. तुमचं वाचलं आणि सगळा वॉर्ड डोळ्यापुढे आला. आधी तब्येतीचं बोलते कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

७६ वर्षांची बाई, काल-परवापर्यंत गणित शिकवत होती, ताप-जुलाब झाले आणि आठवड्यात भ्रमिष्टासारखी बोलायला लागली. हे ऐकल्यावर आमच्या जुन्या मेट्रनने पहिला प्रश्न विचारला असता की सोडियम केलं का, लघवी तपासली का. म्हाताऱ्या माणसाला जुलाबात सोडियम उतरतं, त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलं तर अजून उतरतं, आणि मग माणूस रात्री उठतो, नसलेली माणसं दिसतात, आळ घेतो, वेळकाळ कळत नाही. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, थायरॉइड, बी-१२, साखर एकदम कमी होणं, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी, यातलं काहीही असू शकतं. त्याला डिलिरियम म्हणतात आणि मूळ कारण सुधारलं की बहुतेक वेळा माणूस ताळ्यावर येतो, म्हातारपणी जरा जास्त दिवस लागतात एवढंच. तुम्ही म्हणता तशी ती आता औटकी म्हणत असेल, पेन्शनच्या दाखल्याचा महिना सांगत असेल, तर मला दाट शंका आहे की तेच झालं होतं. त्यामुळे ऍडमिट केलं त्या दिवशीचे रक्ताचे रिपोर्ट मागा. नसतील केले तर आता करायला सांगा, आणि बाहेरच्या वृद्धांच्या डॉक्टरांना नाहीतर चांगल्या फिजिशियनला दाखवा.

गोळ्यांची यादीसुद्धा मागा. भ्रम होतात म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी म्हाताऱ्या माणसाचं अंग कडक होतं, हात थरथरतात, लाळ गळते, तोल जातो. मग पडतात म्हणून बांधतात, बांधलं की चिडतात, चिडल्या की डोस वाढतो. मी हे चक्र इतक्या बायकांचं बघितलंय. पण एक सांगते, गोळ्या तुमच्या मनाने एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरांकडूनच कमी करून घ्या.

आता चष्मा आणि कवळी. ही कारणं खोटी नसतात, पण पुरेशीही नसतात. कवळ्या खरंच अदलाबदल होतात, हरवतात, आणि मग नातेवाईक भांडतात. म्हणून सोपं काय तर ट्रंकेत टाकून कुलूप. आमच्या वॉर्डात एका सिस्टरने प्लास्टिकच्या डब्या आणल्या, वर चिकटपट्टीवर नाव, जेवणाआधी द्यायच्या, रात्री धुऊन पाण्यात ठेवायच्या. त्या महिन्यात बायकांची वजनं वाढली ताई, वजनाच्या रजिस्टरमध्ये दिसलं. चष्म्याला काचेऐवजी प्लास्टिकची भिंगं लावून द्या, म्हणजे फोडून लागायचा प्रश्नच संपला. ऐकायला कमी येत असेल तर कानाचं मशीनसुद्धा द्या, कारण न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला गोंधळलेली ठरवायला वेळ लागत नाही.

केस उवांसाठी कापतात. पन्नास बायका आणि पाळीला दोन मावशी, कोण विंचरणार? मला समजतं ते. पण कापताना त्या बायका कशा बसायच्या ते मी विसरले नाहीये. काही जणी डोक्यावर पदर घेऊनच राहायच्या नंतर.

वॉर्डातल्या मावशींशी मात्र भांडू नका. त्यांचे पगार, त्यांच्या पाळ्या बघा म्हणजे कळेल. नाव विचारा त्यांना, आत्याबाई शिक्षिका होत्या हे सांगा, शाळेतला एखादा जुना फोटो दाखवा. मागणी करायची ती वरच्या माणसाकडे आणि लेखी.

ऍडव्होकेट_कल्याण

भाचीताई, तुम्हाला अधिकार आहे आणि कायदा तुमच्या आत्याच्या बाजूने आहे, तोही चांगला स्पष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. सरकारी आणि खासगी दोन्हीला लागू, निवासी केंद्र असलं तरी.

कलम २० आधी वाचा, इंटरनेटवर सहज मिळेल, प्रिंट काढून सोबत ठेवा. त्यात चक्क लिहिलंय की स्वच्छ आणि सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, खासगीपणा मिळाला पाहिजे, अंग उघडं पडणार नाही असे नीट कपडे मिळाले पाहिजेत, सक्तीने डोकं भादरायचं नाही, आणि इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, संस्थेच्या युनिफॉर्मची सक्ती नाही. शिवीगाळ, अपमान, मारहाण यापासून संरक्षण. म्हणजे आत्याबाई जे रोज सकाळी उभं राहून मागतात ते जवळजवळ शब्दशः कलम २० आहे. गोळीचं नाव विचारतात तो कलम २२. आजार काय, उपचार काय, दुष्परिणाम काय, कायद्याच्या कुठल्या तरतुदीखाली ठेवलंय हे तिला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. याला "संशयी" लिहिणाऱ्याला हे कलम दाखवा.

भेटायला पुतण्याची परवानगी? कलम २६ बघा. कोणाला भेटायचं, कोणाला नाही, फोन घ्यायचा का, हे पेशंटने ठरवायचं. संस्था वेळ ठरवू शकते एवढंच.

हात बांधणं, कलम ९७. अगदी लगेचचा धोका टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, आणि का बांधलं, किती वेळ बांधलं सगळी नोंद फाइलमध्ये. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर अजिबात नाही, हे कायद्यात वेगळं लिहिलंय. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं असतं. रोज रात्री सरसकट बांधणं कुठेच बसत नाही.

आता मुख्य, हा नामनिर्देशित प्रतिनिधी. कलम १४. तुमच्या आत्या साध्या कोऱ्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून तुम्हाला नेमू शकतात. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. तुम्ही तुमची लेखी संमती तिथल्या डॉक्टरांना द्यायची. आधी पुतण्या प्रतिनिधी म्हणून लागला असेल तरी त्या बदलू शकतात. पुढच्या भेटीत हे पहिलं काम.

मग दाखल केल्याचे कागद मागा आणि बघा कुठल्या कलमाखाली ठेवलंय. कलम ८६ खाली असतील, म्हणजे स्वतःच्या मर्जीने, तर त्यांनी सोडा म्हटलं की सोडावं लागतं, डॉक्टरांना फार तर २४ तास थांबवून तपासता येतं. बहुतेक ८९ असेल, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून. त्याला दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. बाईमाणूस दाखल केली तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. तीस दिवसांपुढे कलम ९०, त्याला दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. तुमचा हिशेब महिन्यांत गेलाय, तेव्हा मंडळाची परवानगी दाखवा एवढं एकच वाक्य लेखी विचारा. कागद नसेल तर उत्तर द्यायला त्यांना अवघड जाईल.

मंडळाकडे अर्ज करता येतो, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात, ८९ खाली दाखल केल्याविरुद्धचा अर्ज सात दिवसांत आणि ९० खालचा २१ दिवसांत निकाली काढायचा असं कलम ८० म्हणतं. प्रत्यक्षात उशीर होतो, पाठपुरावा करावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००, फुकट वकील मिळतो, कलम २७ मध्ये तो हक्कच आहे.

मिलिंद_नाशिक

मी जरा दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका ताई.

मी माझ्या आईला ऍडमिट केलं होतं. वय ७१. रात्रभर ओरडायची, गॅस चालू सोडायची, एकदा बाबांवर विळी घेऊन धावली. शेजारी पोलिसांना फोन करायचे. नातेवाईक फोनवर सल्ले द्यायचे पण एक रात्र येऊन झोपायला कोणी तयार नव्हतं. साधे वृद्धाश्रम मानसिक आजार म्हटलं की दारातूनच नाही म्हणतात. अशा वेळी जी जागा मिळते तिथे माणूस ठेवतो. तेव्हा तुमच्या आत्याचा पुतण्यासुद्धा कदाचित घाबरलेला असेल, रात्री ७६ वर्षांची काकू जिन्यात बसलेली सापडली तर मी पण घाबरलो असतो. त्याच्याशी एकदा शांतपणे बोला, एकटीने, नातेवाइकांची फौज घेऊन नको. तो सोबत आला तर काम निम्मं होईल.

पण ऍडमिट करणं वेगळं आणि तिथे टाकून देणं वेगळं, हे मी पण मानतो. आईला आम्ही नऊवारी नेसूनच पाठवलं होतं, त्यांनी गाऊन घातला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोललो की नऊवारी आवरत नसेल तर पाचवारी द्या, तीही नको तर घरचे गाऊन आणतो, पण तिचे तिला आणि दुसऱ्या कोणाला नाही. मान्य केलं त्यांनी. तुळशीची माळ पण राहू दिली. मी आठवड्याला जायचो, वेळ ठरवून नाही, कधीही. ज्यांचं कोणी येत नाही त्यांची अवस्था आणि ज्यांचं येतं त्यांची अवस्था यात फरक असतो, हे कटू आहे पण मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे आईच्या शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या, माझ्या आईला भेटायला गेलो की माझ्याकडेच बघत बसायच्या, मग मी दोघींसाठी केळी न्यायला लागलो.

आई आता घरी आहे. औषधं चालू आहेत, दिवसा एक बाई ठेवलीय. सोपं नाहीये, पण जमतंय. घरी आणायच्या आधी डॉक्टरांना सांगून चार दिवस रजेवर आणलं होतं, तसं करता येतं, विचारा.

कार्यकर्ती_पुणे

मिलिंददादा, तुम्ही जे लिहिलंत ना, कोणी येत नाही त्यांचं, त्यावर लिहायचंय.

मी अशा बायकांच्या पुनर्वसनाचं काम करते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे अशा कितीतरी बायका भेटतात ज्यांना डॉक्टरांनी केव्हाच बरं म्हटलंय पण न्यायला कोणी नाही. पत्ता खोटा दिलेला असतो, फोन बंद, काहींच्या घरी तर त्या वारल्या असं सांगून दिवस-तेरावं सुद्धा उरकलेलं असतं. पुरुषांना बायको नाहीतर आई येऊन घेऊन जाते. बायकांना, त्यात म्हाताऱ्या, त्यात विधवा नाहीतर टाकलेल्या, त्यांना कोण नेणार? तरुणपणी आलेली बाई तिथेच म्हातारी होते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, बरं होऊनही वर्षानुवर्षं आत असलेल्या माणसांसाठी.

कायद्याचं कलम १९ सांगतं की घरच्यांनी नाकारलं, घरच नाही, किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. सोय करायची जबाबदारी सरकारची. आणि सोय म्हणजे काय? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावलं होतं की मनोरुग्णालयातून बाहेर काढलेल्यांना भिकारी गृहात वगैरे हलवणं थांबवा. एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात टाकणं याला सुटका म्हणायचं का? मला हे आठवलं तरी संताप होतो.

दुसरं होऊ शकतं, म्हणून लिहिते. चेन्नईच्या बनयन संस्थेचा होम अगेन म्हणून उपक्रम आहे, बरीच वर्षं आत राहिलेल्या चार-पाच बायका साध्या वस्तीत साधं घर भाड्याने घेऊन एकत्र राहतात, मदतीला एक कार्यकर्ती. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तराशा प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या राहण्या-कमावण्यावर काम करत आलाय. ज्या बाईला वीस वर्षं कोणी चहा साखरेचा की बिनसाखरेचा विचारलं नाही, ती पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः करते तेव्हा किती वेळ लावते ते बघायला पाहिजे कोणीतरी. मी एका आजींबरोबर बाजारात गेले होते, त्यांनी आधी आरसा घेतला. वॉर्डात आरसा नसतो. स्वतःचं तोंड इतकं म्हातारं झालंय हे त्यांना माहीतच नव्हतं, बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, आईसारखी दिसते मी.

भाचीताई, तुमच्या आत्याकडे घर आहे, पेन्शन आहे आणि तुम्ही आहात. जितके दिवस जातील तितकं अवघड होतं, घर दुसऱ्याच्या ताब्यात जातं, माणूस मागणंच सोडून देतो. त्या अजून मागतायत. प्लीज उशीर करू नका. आणि सुटून आल्यावर पहिले काही महिने दिवसा कोणीतरी सोबत लागेल, ती तयारी आत्तापासून करा. काही अडलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे.

भाची_सातारा

सगळ्यांचे खूप खूप आभार. अपडेट देते.

मिलिंददादा म्हणाले तसं पुतण्याला आधी एकटीच भेटले. तो खरंच घाबरलेला होता, रात्री तीनला वॉचमनने फोन केला होता त्याला. पण महिन्याचे पैसे आत्याच्या पेन्शनमधूनच भरतोय आणि परत आणायचं काही ठरवलेलंच नाहीये, "तिथे सेफ आहे ना" एवढंच म्हणतो. माझ्यासोबत यायला तयार झाला मात्र.

कलम २० ची मराठी प्रिंट घेऊन गेले. आत्याला चष्मा नव्हता म्हणून मीच वाचून दाखवली. मध्येच थांबवून म्हणाली, परत वाच, कपड्यांचं. परत वाचलं. मग म्हणाली, मग मी काही जगावेगळं मागत नव्हते. कोऱ्या कागदावर तिने स्वतःच्या हाताने नेमणूक लिहिली, हात थरथरत होता पण अक्षर शिक्षिकेचंच, तारीख, वेळ सगळं घातलं, आणि खाली स्वतःहून ओळ वाढवली की हे मी पूर्ण भानावर राहून लिहीत आहे. पुतण्या बघत होता, त्याचा चेहरा जरा पडला.

तिथल्या मुख्य डॉक्टरांना अर्ज दिला. आधी टाळाटाळ, मग मंडळाच्या परवानगीचं विचारल्यावर बसायला सांगितलं. कवळी त्याच दिवशी मिळाली, ट्रंकेतच होती. प्लास्टिक भिंगांचा चष्मा दुसऱ्या फेरीत दिला. घरच्या सुती साड्या दिल्यात, पण पहिल्या दिवशी एका मावशींनी नको म्हटलं तर आत्याने डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलं आणि ते येईपर्यंत साडी हातात घेऊन उभीच राहिली. आता नेसते. हात बांधणं बंद झालंय असं ती सांगते, कॉट खाली करून भिंतीला लावलीय. रक्त तपासलं, सोडियम आता ठीक आहे, पण जुलैचा रिपोर्ट फाइलमध्ये नाहीच! म्हणजे तेव्हा केलंच नव्हतं. एक गोळी निम्मी केलीय.

अजून एक. तिच्या शेजारच्या कॉटवरच्या बाईंची पण कवळी ट्रंकेत होती, त्यांचं कोणी येत नाही. आत्या राउंडला आता त्यांची पण मागते. मिळालेली नाही अजून.

डिस्चार्जचं डॉक्टर बघू म्हणतात. आणि सोसायटीचं पत्र आलंय, रिडेव्हलपमेंटच्या संमतीवर सही पाहिजे. पुतण्या म्हणतो तिला मनोरुग्णालयात ठेवलंय म्हणजे तिची सही चालणार नाही, मी करतो. हे खरं आहे का?

ऍडव्होकेट_कल्याण

खरं नाही. कलम ३ मध्ये स्पष्ट आहे, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस वेडा किंवा अक्षम ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलं तरच. फ्लॅट आत्याचा, सही आत्याची. पुतण्या नॉमिनी असला तरी मालक हयात असताना नॉमिनीला काही अधिकार नसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना तिच्या सहीचं एक पत्र द्या की मी उपचार घेत आहे, माझ्या वतीने कोणाची सही ग्राह्य धरू नये, मी स्वतः कागद वाचून सही करेन. पोच घ्या, शिक्क्यासकट. कुलमुखत्यारपत्र आधी कधी दिलं होतं का हे विचारा, असेल तर रद्दचं बघू.

आणि घाईने डिस्चार्ज आणि फ्लॅट हे दोन विषय एका अर्जात घालू नका. मंडळाकडे फक्त डिस्चार्ज. "बघू" हे उत्तर लेखी मागा, नाही मिळालं तर सोमवारी अर्ज टाका, मसुदा मला मेसेज करा, बघून देतो, फी नको. अर्जात आत्याबाईंनी लिहिलेलं नेमणूकपत्र जोडाच, भानावर असल्याचा त्याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

सिस्टर_निवृत्त

शेजारच्या बाईंचं वाचून राहवेना म्हणून परत लिहितेय. त्यांना सुद्धा कलम २८ खाली तक्रार करता येते, आधी मुख्य डॉक्टरांकडे, मग मंडळाकडे, आणि लिहिता येत नसेल तर तुमच्या आत्याबाई लिहून देऊ शकतात, अंगठा त्यांचा घ्यायचा. ताई तुम्ही मंडळाकडे जाल तेव्हा तोही कागद घेऊन जा.

आणि कवळी इतके महिने घातली नव्हती तर हिरड्या बदललेल्या असतात, टोचेल, जखम होईल. आधी जेवणापुरती द्यायला सांगा, आणि दाताच्या डॉक्टरांकडून एकदा बसवून घ्या. दोघींच्याही.